अडचणींचं कपाट

लोकांना वाटतं, अडचण काय आणि अडथळा काय, एकाच माळेचे मणी. वाटू दे. त्यांना कुठे त्याचा पगार मिळतो? मला मिळतो. पालिकेच्या रस्ते विभागात तक्रारी वेगळ्या करायचं काम माझ्याकडे आहे. सकाळी टपाल आलं की एकेक कागद वाचायचा आणि ठरवायचं, ही अडचण की हा अडथळा. अडथळा असला तर कागद खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात जातो, तिथून मुकादमाकडे. मग मुकादम गाडी काढतो, माणसं घेतो, पहारी-कुदळी घेतो आणि जे काय आड येत असेल ते उचलून आणतो. अडचण असली तर कागद भिंतीजवळच्या लाकडी कपाटात जातो. तिथून तो कुठेही जात नाही.

अगदीच वाऱ्यावर सोडत नाही हं आम्ही लोकांना. अडचणवाल्यांना पत्र जातं. ‘आपली अडचण समजली. योग्य तो विचार करण्यात येईल.’ हे पत्रही मीच टाइप करते. ‘समजली’ हा शब्द आमच्या हेडक्लार्कचा. पूर्वी म्हणे ‘नोंदवली’ असं लिहायचे, तर लोक विचारायला यायचे की नोंदवून पुढे काय केलंत. ‘समजली’ म्हटल्यावर कोणी येत नाही. समजून घेणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी काय!

हेडक्लार्कने मला पहिल्याच आठवड्यात सूत्र शिकवलं होतं. ज्याची ठेच लागते तो अडथळा. ज्याने नुसता जीव मेटाकुटीला येतो ती अडचण. रस्त्यात कुणी वाळूचा ढीग टाकला, तो अडथळा. त्या वाळूची धूळ उडून समोरच्या बाईच्या घरात जाते, ती अडचण. फांदी रस्त्यात पडली, अडथळा. फांदी न पडता कुणाच्या खिडकीवर अंधार करून राहिली, अडचण. माझा हात त्यात असा काही बसला की घरीसुद्धा तोंडातून तेच निघायचं. वहिनी म्हणाली दूध नासलं, की मी म्हणायचे अडचण. दारात चपलांचा ढीग दिसला, की अडथळा. एकदा वहिनी वैतागून म्हणाली, “आणि स्वयंपाक चालू असताना ओट्याशी येऊन गप्पा मारणारी नणंद कशात बसते हो वन्सं?” मी तिथून काढता पाय घेतला.

असं सगळं छान चाललं होतं. मग आई पडली.

आई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होती. उभं आयुष्य उभ्याने काढलं, असं तीच म्हणते. घरात बसणं तिला कधी माहीतच नव्हतं. निवृत्त झाल्यावरही सकाळी चहा घेतला की बाई बाहेर. कोपऱ्यावरच्या बस थांब्यावर जाऊन बसायची आणि नव्या कंडक्टरांना शिकवायची. त्यांना ते नको असायचं, पण हिला कोण सांगणार! ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काखा वर केल्या आणि आई चाकाच्या खुर्चीत आली.

खुर्चीचं तिने मनाला लावून घेतलं नाही. “आयुष्यभर चाकांवरच होते की,” म्हणाली. घोडं अडलं ते दारात. आमचा रस्ता उताराचा, त्यामुळे घराचं जोतं उंच, चांगलं कमरेएवढं. साऱ्या इमारतीला ते एकच दार, त्यातून बाहेर पडायला दगडी पायऱ्या, आणि त्या थेट फुटपाथवर उतरतात, म्हणजे पालिकेच्या जागेत. त्या पायऱ्यांवरून खुर्ची उतरवायची म्हणजे दादाने एका बाजूने धरायचं, कोणीतरी दुसऱ्या बाजूने धरायचं आणि आईने डोळे मिटून घ्यायचे. दवाखान्यात न्यायचं तेव्हा दोन-तीनदा तसं केलं. मग तिने साफ सांगितलं, “दवाखान्याला न्याल तेवढंच. एरवी मला कुणी उचलायचं नाही. मी काय कपाट आहे?”

झालं. बाई घरात बसली. खिडकीशी खुर्ची लावायची आणि कान रस्त्याकडे. बस कोपऱ्यावर वळली की आवाजावरून सांगायची, ही अमक्या नंबरची, हिचे ब्रेक बदलायला झालेत. पहिले काही दिवस हसून सांगायची. पुढेपुढे नुसता नंबर म्हणायची. नंतर तेही बंद झालं. खिडकी उघडी ठेवू का विचारलं तर म्हणायची, “तुमची मर्जी.” माझी आई कधी कुणाच्या मर्जीने वागलेली मी पाहिली नव्हती. 

मी म्हटलं, आपण पालिकेत आहोत ना? मग! आईच्या नावाने अर्ज लिहिला. ‘घराबाहेरील पायऱ्यांमुळे मला बाहेर पडता येत नाही. तरी सदर पायऱ्यांचा अडथळा दूर करून उतार बांधून द्यावा.’ अडथळा हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे कागद थेट लोखंडी कपाटात जाईल. पण घरच्या माणसाचा अर्ज आपणच ठरवणं बरं नव्हे, म्हणून हेडक्लार्कपुढे ठेवला.

त्याने चष्मा कपाळावर चढवला. “या पायऱ्यांवरून रोज कोण कोण जातं?”

“आम्ही जातो. वरचे काका जातात. पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांचे पेशंट जातात.”

“म्हणजे दुखऱ्या दातांची माणसंसुद्धा जातात. मग ज्याच्यावरून सगळं जग चढतं-उतरतं, तो अडथळा कसा होईल? पायऱ्या त्यांच्या जागी बरोबर आहेत. तुझ्या आईला त्या जमत नाहीत, ही तिची अडचण आहे.” आणि अगदी प्रेमाने म्हणाला, “मला समजतं गं.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण सूत्र त्याचं, खुर्ची त्याची. अर्ज लाकडी कपाटात गेला. आणि मग मी काय केलं? जे रोज करते तेच. मशीनला कागद लावला आणि माझ्या आईला पत्र टाइप केलं. पोस्टाचा खर्च कशाला, म्हणून पर्समध्ये घालून घरी आणलं आणि तिच्या हातात दिलं.

आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “समजली म्हणे. कुणाला समजली?”

“मला,” मी म्हटलं.

“तुला तर आधीच समजली होती,” आई म्हणाली आणि पत्राची घडी करून उशीखाली ठेवली.

दादा प्लंबर आहे. फार बोलत नाही. त्या रात्री जेवताना म्हणाला, “रविवारी घरीच राहा सगळे.” रविवारी त्याचा गवंडी दोस्त आला, विटा आल्या, सिमेंट आलं. पायऱ्या तशाच ठेवून त्यांच्या शेजारी भिंतीलगत एक लांबलचक उतार बांधला. रुंद नाही, खुर्ची मावेल एवढाच. पण फुटपाथ आधीच हातभर, त्यातला बराचसा त्याने खाल्ला हे खरं. सिमेंट वाळेपर्यंत आई दर थोड्या वेळाने विचारायची, झालं का? झालं का? मग एकदाचं दादाने ‘झालं’ म्हटलं.

तिने कुणाला खुर्ची धरू दिली नाही. दोन्ही हात चाकांवर, ओठ आवळलेले, आणि सावकाश, सावकाश खाली. खाली पोचल्यावर मागे वळून बघितलंही नाही. सरळ कोपऱ्यावर. तासाभराने वहिनी बघायला गेली तर आई बस थांब्यावर बसून एका कंडक्टरला झापत होती, की म्हातारा माणूस चढतोय आणि तू घंटी मारतोस, लाज नाही वाटत? वहिनी येऊन हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. मी नुसतीच डोळे पुसत होते.

उताराचा फायदा आणखीही खूप जणांना झाला. बाळगाडीवाल्या बायका, पाण्याचे मोठे कॅन आणणारा, दातांच्या बाईंकडे येणारी म्हातारी माणसं, सगळी त्या उतारावरूनच यायला लागली. पायऱ्या नुसत्या पडून होत्या. फक्त वरचे काका पायऱ्यांवरूनच जायचे. काकांचा स्वभाव तत्त्वाचा. हिशेबनीस होते, निवृत्त झाले, पण चूक शोधायची सवय काही निवृत्त झाली नाही. एके दिवशी छत्री मिटता मिटता त्यांची नडगी उताराच्या कडेवर आपटली. संध्याकाळी आमच्याकडे येऊन आईला म्हणाले, “वहिनी, रागावू नका. तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण फुटपाथ सगळ्यांचा आहे. मी तक्रार करतोय, ती तुम्हाला आधी सांगून करतोय.”

“करा की,” आई म्हणाली. “बर्फ लावा आधी पायाला.” आणि वहिनीला बर्फ आणायला लावला. अशी ही बाई! मी असते तर दुसऱ्या नडगीची सोय केली असती.

तक्रार माझ्याच टेबलावर आली. सुवाच्य अक्षर, खाली सही, सगळं शिस्तीत. ‘अनधिकृत उतारामुळे पादचाऱ्यांना ठेच लागते.’ ठेच! शब्दसुद्धा नेमका तोच. कोणत्याही सूत्राने हा अडथळा. मी तो कागद हातात घेऊन बसले आणि पाचावर धारण बसली. लोखंडी कपाटात टाकला तर आठवड्याच्या आत मुकादम पहार घेऊन आमच्या दारात. आणि आई पुन्हा खिडकीत. ‘तुमची मर्जी.’

मी उठले आणि तडक हेडक्लार्ककडे गेले. म्हटलं, “सर, या उतारावरून कोण कोण जातं विचारा.”

“कोण?”

“बाळं जातात. पाणी जातं. म्हातारी माणसं जातात. दुखऱ्या दातांची माणसं जातात. तुम्हीच म्हणालात ना, ज्याच्यावरून सगळं जग चढतं-उतरतं, तो अडथळा कसा? एकट्या काकांना तो जमत नाही. ही त्यांची अडचण आहे.”

हेडक्लार्कने पेन कानात घालून फिरवलं. त्याला आपल्याच शब्दात सापडल्याचं कळत होतं, पण शब्द त्याचेच असल्यामुळे ते खोडून काढणं त्याच्या जिवावर आलं. “तू शिकलीस हं,” तो म्हणाला, आणि काकांची तक्रार लाकडी कपाटात, आईच्या अर्जाच्या वर जाऊन पडली. मी सगळ्या विभागाला चहा पाजला. काकांना पत्र टाइप केलं, ‘आपली अडचण समजली.’ ते पत्र त्यांनी आनंदाने सगळ्यांना दाखवलं. मला वाटलं, सुटलो. लाकडी कपाटात गेलेल्या गोष्टीला मरण नाही. आमच्या विभागात त्या कपाटाला सगळे विश्रामगृह म्हणत.

मग नवे साहेब आले.

जुने साहेब चांगले होते, म्हणजे काही करत नसत. नवे साहेब तरतरीत. आल्या आल्या त्यांनी विचारलं, त्या कपाटात काय आहे? हेडक्लार्क म्हणाला, अडचणी. साहेबांनी दार उघडलं आणि कागदांचा डोंगर त्यांच्या बुटांवर कोसळला. “इतक्या अडचणी? आणि आपण काय केलं?”

“समजून घेतल्या, साहेब.”

साहेबांचं डोकंच फिरलं. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला की येत्या महिन्यात एकूण एक अडचण सुटली पाहिजे. तिचं जे काही कारण असेल ते जागेवर जाऊन दूर करायचं. योगायोगही असा, की काकांची तक्रार लाकडी कपाटात गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानदारांच्या संघटनेने कोर्टातून स्थगिती आणली होती. अडथळे काढायला बंदी. त्यामुळे मुकादम आणि त्याची माणसं माशा मारत बसली होती. साहेबांनी ती सगळी फौज अडचणींकडे वळवली.

आता बघा. काकांची तक्रार मी गपगुमान लोखंडी कपाटात टाकली असती, तर उताराला कोर्टाचं संरक्षण मिळालं असतं. अडथळा म्हणून तो उतार सुखाने जगला असता. मी माझी अक्कल चालवून, वाद घालून, चहा पाजून तो अडचणींत नेऊन बसवला. कपाळाला हात लावला मी. पण कपाळाला हात लावून कागद परत येत नाहीत. म्हणून धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

“साहेब, त्यात आमच्या दारातल्या दोन अडचणी आहेत.”

“अरे वा!” साहेब खूश झाले. “मग तुमच्यापासूनच सुरुवात करू. स्टाफलाही फायदा झाला पाहिजे.”

“तसं नाही, साहेब. एक माझ्या आईची, पायऱ्यांची आहे आणि एक शेजाऱ्यांची, उताराची. पायऱ्या खुशाल काढा. उतार राहू द्या.”

“म्हणजे तुमच्या आईंची सोडवायची आणि शेजाऱ्यांची ठेवायची? नाही हो. भेदभाव आपल्याकडे नाही.”

“पण साहेब, एक अडचण म्हणजे दुसरीचं उत्तर आहे!”

“तेच म्हणतोय मी,” साहेबांनी घड्याळ बघितलं. “एकाच फेरीत दोन्ही होतील.”

मी तोंडात मारल्यासारखी बाहेर आले. मुकादमाला गाठावं म्हणून खाली धावले, तर गाडी गेलेली. रिक्षा केली आणि घर गाठलं. तोवर पायऱ्या संपल्या होत्या. दगड गाडीत भरून झाले होते आणि उतारावर पहार चालली होती. आई दारात खुर्चीत बसून अशा काही आवाजात ओरडत होती की कोपऱ्यावरची बस थांबली. “अरे माझ्या पोराने एका रविवारी बांधलाय तो! हात लावू नका!”

मुकादम बिचारा घामाघूम. “आजी, ओरडू नका. तुमचीच अडचण सोडवतोय.”

“मुकादम, तुम्ही मला ओळखता,” मी म्हटलं. “अर्जात पुढे लिहिलंय, उतार बांधून द्यावा. आणि असलेला उतार तोडताय?”

“ताई, बांधणं बांधकाम विभागाकडे. आमच्याकडे नुसतं काढणं. आणि कागद दोन आहेत. एक केला तर साहेब विचारतील दुसरा कुठे आहे.” तो माझ्या नजरेला नजर देईना. वाईट माणूस नाही. पण कागदावर आहे ते करायचं, ही त्याची वर्षानुवर्षांची रीत. आणि काम चोख. दोन्हींच्या पायापर्यंत खणून काढलं. मातीसकट. दाराखाली चांगला रुंद खड्डा पडला आणि त्यात कुठल्यातरी फुटक्या पाइपाचं पाणी साचायला लागलं. मग दोन्ही कागदांवर ‘अडचण दूर केली’ असं लिहून, सह्या घेऊन ते निघून गेले. आईनेही सही केली. म्हणाली, “केली ना बाबा. दूर केली.”

तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं की आता दार भिंतीत अधांतरी लटकलंय. खाली खड्डा. घरातून कोणालाच बाहेर जाता येईना आणि बाहेरून कोणाला आत येता येईना. दातांच्या बाईंचे पेशंट रस्त्यात गालाला हात लावून उभे, आणि बाई वरच्या खिडकीतून सांगतायत, लवंग दाताखाली धरा, लवंग! दादा कामावरून आला, कुठून तरी रंगाऱ्याची शिडी पैदा केली, ती खड्ड्यावरून आडवी-तिरपी लावली आणि तिच्यावरून मी आणि तो आत गेलो. शिडी अशी हलत होती की वहिनीने बाहेर पडायचं नावच काढलं नाही. काकांनी तर वरूनच जाहीर केलं, “या वयात शिडी? माझं काही डोकं फिरलेलं नाही.”

संध्याकाळी काका खाली आमच्याकडे येऊन बसले. चेहरा उतरलेला. “वहिनी, भिंती अंगावर येतात हो. सकाळपासून बाहेर पाऊल नाही. माणसाने करायचं काय?”

मला वाटलं, आता आई ऐकवते. चांगली खडखडीत ऐकवते. पण तिने खुर्ची मागे घेतली आणि त्यांना खिडकीजवळ जागा करून दिली. “इथे बसा. इथून कोपऱ्यापर्यंत दिसतं. जरा डावीकडे वाकलात तर बस वळताना दिसते. तेवढाच वेळ जातो.”

“तुमचं बरंय,” काका डावीकडे वाकत म्हणाले. “तुम्हाला सवय आहे.”

मी दातओठ खात उभी होते. वहिनीने माझा हात धरला म्हणून, नाहीतर त्या दिवशी काका शिडीशिवाय खाली गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीवरून उतरून ऑफिसात पोचले, तर विभागात धावपळ. दातांच्या बाईंनी फोन केले होते. त्यांच्या पेशंटांनी केले होते. काकांनी तर जेवढ्या नंबरांना लागेल तेवढ्या नंबरांना केले होते. कोणीतरी वरून साहेबांनाही झापलं होतं. साहेब हेडक्लार्कला विचारत होते, हे कशात बसतं?

“अडथळा,” हेडक्लार्क क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. “शुद्ध अडथळा. माणसांची ये-जा बंद आहे.”

माझ्याच्याने राहवेना. “सर, ठेच कुठे लागते? तिथे तर काहीच नाहीये.”

“काही नाहीये, हाच अडथळा आहे.”

“आणि कोर्टाची स्थगिती?”

“ती काढायला आहे. घालायला नाही.”

बघा, डोकं चालवायचं म्हटलं तर किती चालतं! माझी आई त्या दारात वर्षभर अडकली होती, तेव्हा ती एकट्या बाईची अडचण होती. तेच दार एक दिवस धडधाकट माणसांना बंद झालं तर अडथळा झाला. सूत्र मला आत्ता कुठे नीट कळलं, आणि ते ठेचेचं वगैरे काही नव्हतं. कोण अडकलंय, एवढंच बघायचं असतं.

मुकादमाची गाडी पुन्हा निघाली. या वेळी साहेब स्वतः बरोबर होते, म्हणून मलाही घेतलं. गाडीत मागे एक लोखंडी उतार होता. सुबक, रुंद, दोन्ही बाजूंना कठडे, पाय घसरू नये म्हणून खरखरीत केलेला. मी तो बघतच राहिले. “हा कुठून आला?”

“गोदामात होता,” मुकादम म्हणाला. “कुठल्याशा सभेच्या मंचासाठी केलेला. नुसता पडून होता.”

“कधीपासून?”

मुकादमाने दुसरीकडे बघितलं. “बरीच वर्षं झाली, ताई.”

 रडावं, की साहेबांची कॉलर धरावी? मी नुसती त्या कठड्याला धरून बसून राहिले. आमच्या दाराशी पोचल्यावर माणसांनी खड्डा भरला, माती धोपटली, लोखंडी उतार उचलून दाराला लावला, चार खिळे ठोकले. चहा गार व्हायच्या आत काम संपलं.

आत बोळात सगळे तयारच होते. काका बूट घालून. वहिनी पिशवी घेऊन. दातांच्या बाई पांढरा कोट सावरत, आणि खाली त्यांचे पेशंट वर यायला टपलेले. सगळ्यांत पुढे, अगदी दारात, आई. सकाळपासून ती तिथेच खुर्ची लावून बसली होती, केस विंचरून, नवी साडी नेसून. मुकादम खालून ओरडला, “आजी, या! पहिला मान तुमचा!” मीही खालून हात केला.

आईने चाकांवर हात ठेवले. तेवढ्यात मागून काकांची काठी पुढे आली. “वहिनी, जरा वाट देता? फार उशीर झालाय हो मला.” आणि त्यांच्यामागून बाकीची रेटारेटी.

आईने चाकं उलटी फिरवली. खुर्ची भिंतीला लावली, पाय आत घेतले, आणि सगळे तिच्यासमोरून धडाधडा खाली उतरले. मग खालची माणसं वर चढली. ती प्रत्येकाला वाट देत राहिली. मी धावत वर गेले, तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर ओरडले, “अगं आई! आधी तू जायचंस ना! हे लोक थांबले असते की जरा!”

“जाऊ दे गं त्यांना,” आई म्हणाली. “कालपासून कोंडून पडलेत बिचारे.”

टोमणा मारला असता ना तिने, तर मला किती बरं वाटलं असतं. मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. ती अगदी मनापासून बोलत होती.